वरच्या मजल्यावरच्या मादामना, कांद्याच्या सूपबद्दल

ती. मादाम यांना,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. तुम्हाला फोनवर फ्रेंचमध्ये सांगेनच. पण आभार माझ्या माणसांदेखत मानायचे होते.

मी लासलगावच्या बाजूची. कांदा परतायला पॅरिसमध्ये कुणी शिकवावं, हे पचायलाच वेळ लागला. आमच्याकडे कांदा परतणं ही नुसती सुरुवात. तो गुलाबी झाला की आलं-लसूण, खोबरं, मसाला, आणि पुढे त्याला कोण विचारतो! तुम्ही मात्र किलोभर कांदा उभा, पातळ चिरून घेतलात, पन्नास ग्रॅम लोणी आणि चमचाभर तेलावर टाकलात आणि मला म्हणालात, ‘आता बस.’

मीठ घालून झाकण, पाणी सुटेपर्यंत. मग झाकण काढून मंद आच आणि अधूनमधून उलथनं. सोनेरी रंग आला तसा माझा हात गॅसकडे गेला, तुम्ही मान हलवलीत. जुन्या सागवानी कपाटाचा रंग येईपर्यंत तासभर तरी गेला. साखर घालू का, तर नको, कांद्यात आहे तेवढी पुरते. चिमूटभर खायचा सोडा? रंग लवकर येतो, पण कांद्याचा लगदा होतो. मिरीशिवाय मसाल्याचं तर नावच काढू दिलं नाहीत.

त्यावर चमचाभर मैदा भाजला. बुडाला धरलेली खरवड पेलाभर पांढरी वाइन ओतून सोडवलीत. मी असते तर ती घासणीनं काढून मोरीत घालवली असती! सूपचा निम्मा जीव तिच्यातच असतो.

मग सव्वा लिटर स्टॉक, थाइमची काडी, तमालपत्र, अर्धा तास उकळी. ते रटरटत असताना तुम्ही वडिलांबद्दल बोललात. ते ले आलच्या बाजारात हमाल होते. १९६९ साली तो घाऊक बाजार शहराच्या मध्यातून पॅरिसबाहेर रँजिसला हलला. त्याआधी रात्रभर माल उतरवून पहाटे हेच सूप प्यायचं, आणि शेजारच्या टेबलावर नाटक बघून आलेली नटलेली मंडळीही तेच पीत असायची. त्या हमालांच्या न्याहारीला आता हॉटेलात काय भाव पडतो, ते असो.

सगळ्यात मोठे आभार सासूबाईंच्या वतीनं. मूळ कृतीत गोमांसाचा स्टॉक. तुम्ही चेहऱ्यावर काही न दाखवता सुके मश्रूम, गाजर, लीक आणि सेलेरी उकळत ठेवलीत आणि म्हणालात, गावाकडे कित्येक घरांत नुसत्या पाण्यातच करायचे. चीजचं तर मला माहीतच नव्हतं: कोंते आणि ग्रुयेरमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं. दुकानात चष्मा लावून एकेक वेष्टण वाचत तुम्ही शाकाहारी रेनेटचं चीज शोधलंत. शिळ्या ‘बागेत’चे, म्हणजे लांबट फ्रेंच पावाचे, भाजलेले काप, त्यावर ते किसून भरपूर, आणि ग्रिलखाली कडेनं डाग पडेपर्यंत. सासूबाईंनी वाडग्याच्या काठाला चिकटलेलं चीजसुद्धा चमच्यानं खरवडून खाल्लं. आमच्याकडे याहून मोठी पावती नाही.

तुम्ही मुलीकडे लियाँला राहायला गेलात, पण ओव्हनमध्ये चालणारे तुमचे चार वाडगे माझ्याकडेच राहिलेत. पोस्टानं पाठवणार नाही. न्यायला या.

तुमची,
खालच्या मजल्यावरची