फोनवर तू नुसतं 'ठीक आहे' म्हणालीस

प्रिय मनू,
सप्रेम सलाम.

काल तू "सगळं ठीक आहे पप्पा" एवढंच म्हणत राहिलीस आणि मग नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवलास. मम्मी म्हणते पोरगी दमली असेल, झोपू दे तिला. पण तो आवाज मला ओळखीचा वाटला म्हणून लिहायला बसलोय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांबलचक कोणी वाचत नाही माहितीये, सवडीने वाच.

इकडे सगळं बरं आहे. आजीचा गुडघा तसाच. तू रवांडात किगालीला आहेस हे तिला काही केल्या लक्षात राहत नाही, येईल त्याला सांगते नात मोंबासाला गेली. तिचंही बरोबर आहे म्हणा, आपल्या नाशिकच्या शरणपूरमधल्या माणसाला आफ्रिका म्हटलं की मोंबासाच आठवणार. 1860 च्या आसपास समुद्रात गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली पोरं इथे मिशनमध्ये आणून ठेवली, ती इथे शाळा शिकली, हातकाम शिकली. त्यातलाच तो जेकब वेनराइट, 1873 मध्ये मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारल्यावर त्यांचं शव समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत दफन होईपर्यंत सोबत गेला. 1875 ला मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसवलं तेव्हाही इथलीच माणसं गेली, गुलामीतून नव्याने सुटलेल्यांना सांभाळायला. हे तुला पाठ आहे, तूच संडे स्कूलला सांगायचीस. पण मला हल्ली वेगळाच प्रश्न पडतो. त्या पोरांना शाळा दिली, काम दिलं, प्रार्थना शिकवली, सगळं खरं. पण आईबापापासून तोडलेलं ते पोर रात्री दचकून उठलं तर कुणी जवळ बसून विचारलं असेल का? आणि तीच पोरं मोठी होऊन दुसऱ्यांची दुःखं ऐकायला गेली.

म्हणून विचारतो, दिवसभर तू सगळ्यांचं ऐकतेस, तुझं कोण ऐकतं?

हे विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

न्यामाटाच्या चर्चबद्दल तू लिहिलंस ते मी मम्मीला पूर्ण वाचून दाखवलं नाही. बाकांवर मेलेल्यांचे कपडे अजून तसेच ठेवलेत, ते तू पाहिलंस आणि दुसऱ्या दिवशी लगेच शिबिरात लोकांचं दुःख ऐकायला बसलीस. तिथल्या वंशसंहारात 1994 च्या एप्रिलपासून साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या वर माणसं मारली, आणि त्यातली कितीतरी देवाच्या घरात आसरा घ्यायला आलेली. काही ठिकाणी तर पाळकच मारेकऱ्यांना सामील. पोप फ्रान्सिस यांनी 2017 मध्ये त्यासाठी देवाकडे क्षमा मागितली. मला वाटतं तिथे बायबल घेऊन जाणाऱ्याने आधी हेच बोलावं, की चर्च चुकलं. मग बाकीचं. आणि कुणाला 'माफ करा' असं घाईने म्हणू नकोस मनू. गचाचा कोर्टांत गावाने आपल्याच शेजाऱ्यांचे न्याय केले, ती 2012 ला बंद झाली, कबुली देऊन शिक्षा भोगून माणसं परत त्याच गावात आली. आता ज्या बाईचा नवरा आणि लेकरं गेली तिला त्याच माणसासोबत एका पाणवठ्यावर पाणी भरायचंय. तिने माफ केलं तर ती देवाची कृपा, नाही केलं तर तिला कमी विश्वासाची म्हणायचा आपल्याला काय अधिकार? वधस्तंभावरून प्रभू म्हणाला 'हे बापा, त्यांना क्षमा कर', ते तो स्वतःच्या जखमांबद्दल बोलत होता. दुसऱ्याच्या जखमेबद्दल आपण...

बघ, लेक्चर सुरू झालं. सॉरी बाळा. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू त्याचंच शिक्षण घेतलंस. तुमच्या शिबिरात लोक आपलं दुःख कागदावर लिहितात आणि स्वतःच्या हाताने लाकडी क्रॉसवर खिळ्याने ठोकतात, एक म्हातारी किती वेळ हातोडी धरून नुसती उभी होती आणि तू तिचा कागद धरून ठेवलास, ते वाचून मी बाहेर जाऊन बसलो. माझ्या मुलीने तिला घाई केली नाही. मी प्रेसमध्ये आयुष्यभर नोटा छापल्या, असं काम मला जमलं नसतं.

पण मामा आठवतो ना तुला? 1999 ला कारगिलला तोफेवर होता. देवळालीला परत आला तेव्हा सगळे म्हणाले धडधाकट आला, प्रभूची स्तुती असो. कुकरची शिट्टी झाली की ताटावरून उठायचा आणि फाटकापाशी जाऊन उभा राहायचा, परत यायचा, जेवायचा, एक शब्द नाही. शेवटी मामींनी कुकर माळ्यावर टाकला आणि कित्येक वर्षं डाळ पातेल्यात शिजवली. विचारलं की म्हणायचा, सगळं ठीक आहे दाजी. काल तुझ्या तोंडून तेच ऐकलं. तू लढाईत नव्हतीस हे मला कळतं. पण ऐकलेलंही आत साचतं, आणि तू लहानपणापासून साचवणारी आहेस. नितीनच्या वेळीही तू रडली नाहीस, सगळ्यांना चहा करत राहिलीस.

परत ये असं मी म्हणत नाहीये. मम्मी म्हणेल, तिचं ऐकू नकोस. रविवारी उपासनेत पाळकांनी तुझं नाव घेतलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या बायका वळून आमच्याकडे बघत होत्या, मम्मीने नवीन साडी नेसली होती. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी त्या हातोडीवाल्या आजींसाठी प्रार्थना मागणार आहे. नाव सांगू नकोस, ते तुमचं गुप्त असेल, प्रभूला कळतं कोण ते.

फक्त एक कर. टीममधल्या त्या केरळच्या सिस्टर आहेत ना, तू म्हणालीस त्यांनी हे काम बरीच वर्षं केलंय, रोज रात्री जेवणानंतर थोडा वेळ त्यांच्याजवळ बस. आम्हाला नको सांगूस, त्यांना सांग. मच्छरदाणी लावून झोप, बुगेसेराकडे मलेरिया आहे, गोळी चुकवू नकोस. कार्डात पैसे किती उरले ते कळव, सोमवारी टाकतो. आणि सिस्टरशी बोललीस की मला नुसतं 'बोलले' एवढं टाक, काय बोललीस ते विचारणार नाही.

तुझा,
पप्पा