साल नंतर बघ, पत्रा आधी

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर घाईत बोललो, म्हणून आता नीट लिहितो. तू विचारलंस, मालवणची २०२१ ची डिझेल गाडी घ्यायची की कोल्हापूरची २०१५ ची मारुतीची डिझेल डिझायर? माझं मन कोल्हापूरच्या गाडीकडे आहे, आणि ते काही पैसे वाचतात म्हणून नव्हे.

रविवारी मालवणला जाऊन ती गाडी बघून आलो. वरून आरशासारखी चकचकीत, मीटरवर जेमतेम चाळीस हजार. पण ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून कार्पेट जरा सोडवलं, तर खाली ओल आणि बारीक वाळू. सीटच्या नटांवर बोट फिरवलं तर बोट तांबडं झालं. दाराखालच्या पट्टीला काळा रंग नुकताच फासलेला. नखाने खरवडला तर पापुद्र्याबरोबर गंजाचा चुरा हातात आला. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या चाकाच्या कमानीवर धरलं, ते चिकटेचना. म्हणजे पत्रा गेलाय, आत लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. ही गाडी किनाऱ्यावर वाळूत उतरलेली आहे, माझी खात्री आहे.

आमच्या बाबांची गाडी तुला आठवत असेल. इंजिन शेवटपर्यंत एका चावीत सुरू व्हायचं, पण एका पावसाळ्यात पायाखाली पाणी यायला लागलं. टिंकरने खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. तो एवढंच म्हणाला, "इंजिन दुरुस्त करूक येता, पत्रो कुजलो काय गाडी गेली." चालत्या इंजिनाची गाडी भंगारात गेली. ती ओढून नेली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

दुसरी गोष्ट तुझ्या रोजच्या फिरण्याची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाचा फिल्टर बसला. त्यात काजळी साठते आणि ती जळायला साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी गाडी एका लयीत बराच वेळ पळायला हवी. तुझं काय? जामसंड्यातून देवगडच्या बाजारात, बाजारातून बागेत, बागेतून घरी. इंजिन तापेपर्यंत तू पोचलेला असतोस. काजळी जाळायचं काम असं अर्ध्यात तुटत राहिलं की जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि एक दिवस मीटरवर इशाऱ्याचा दिवा लागून गाडीचा दम जातो. नवा फिल्टर किती महाग पडतो ते विचारून बघ. महिन्यातून चारदा मुंबईला जाणारा असतास, तर हीच गाडी घे म्हटलं असतं, अर्थात पत्रा धड असता तर.

डिझायरला हे झंझट नाही. तिचं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं. स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, सगळ्यांत तेच बसलं, म्हणून आपल्याकडच्या मेकॅनिकला त्याची नस न् नस माहीत. इंजिनाच्या टायमिंगला ठरावीक काळाने बदलावा लागणारा बेल्ट नाही, चेन आहे. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं म्हणून तू घाबरलास, पण रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की सुटे भाग मिळतात. कागदांचंही तसंच. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, २०३० पर्यंत आहे. पुढे फिटनेस पास करून, हरित कर भरून पाच वर्षं वाढवता येते. दहा वर्षांची डिझेल बंद हा नियम दिल्लीकडचा, आपल्याला लागू नाही.

पण डोळे झाकून घेऊ नकोस. एक लाख दहा हजार किलोमीटर सांगतात, ते सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून बघू. क्लच पेडल आणि स्टिअरिंग जास्तच घासलेलं दिसलं तर मीटर मागे केलाय असं समज. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करायचं. तिथून धूर भसाभसा आला तर इंजिन आतून झिजलंय. सायलेन्सरचा धूर निळा तर ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट खराब, आणि मग आपण तिथूनच परत फिरायचं. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाय का, तेही बघू.

आणि गाडी घेतलीस तर ती खाली आणल्यावर खारा वारा तिलाही सोडणार नाही. पावसाआधी खालून अंडरकोटिंग करून घे. चाकांच्या कमानीत तांबडी माती अडकून राहते, ती ओल धरते; पाण्याचा पाइप आतून मार. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेव. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नकोस, आत घाम धरतो. पडवीच्या बाजूला पत्र्याची शेड उभी कर, हवं तर मी दोन दिवस येतो.

येत्या रविवारी तू फोंडा घाटाने वर ये, मी आंबा घाटाने येतो, कोल्हापुरात भेटू. तोवर कुठेही इसार देऊ नकोस. आणि मालकाला आदल्या रात्रीच फोन करून सांग की आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. मला तिचं थंड इंजिन ऐकायचंय.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझाच