मार्शलच्या हातात नुसता झेंडा देऊन भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पेपरात चॅरिटी सायकल राइडचा फोटो बघितला, पाहुणे झेंडा दाखवतायत, मागे एकसारखे टीशर्ट घातलेले सायकलवाले, खाली लहान मुलांच्या कॅन्सरच्या उपचारासाठी मदत गोळा झाल्याची बातमी. छापलीत हे फार चांगलं केलंत, अशा कामाला जागा मिळायलाच हवी. पण झेंडा दाखवल्यावर पुढचे चार-पाच तास रस्त्यावर काय होतं ते बातमीत कधी येत नाही आणि मी नेमकी तिथेच उभी असते, म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं अशा राइड्सना सेफ्टी मार्शल म्हणून, म्हणजे रस्त्यात उभं राहून सायकलवाल्यांना सांभाळायला जाते, बहुतेक वेळा कोंढवा ते सासवड आणि पुढे जेजुरीच्या बाजूला.

आधी एक गोष्ट लोकांना माहीतच नसते ती सांगते. चॅरिटी राइड म्हणजे रेस नाही. जानेवारी २०२६ ला पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस झाली ती सगळ्यांनी बघितली, तिथे रस्ते बंद होते, पुढेमागे पोलीस, अॅम्ब्युलन्स, सगळा ताफा. आमच्याकडे असलं काही नसतं, रस्ता चालूच असतो. दुधाचे टेम्पो, डंपर, आणि राइड सोयीसाठी रविवारी ठेवतात तर रविवार हा खंडोबाचा वार, म्हणजे जेजुरीला निघालेल्या जीपा आणि बाइकवर तिघं-तिघं बसलेली पोरं पण त्याच रस्त्याला त्याच वेळेला. आणि चालवणारे कोण, तर रोजचे सायकलवाले त्यात थोडेच, बाकी ऑफिसची टीम म्हणून आलेले, गिअरची सायकल त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलेले, बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आलेले वडील. कारण चांगलं आहे म्हणून ही माणसं येतात आणि ती आलीच पाहिजेत, त्यांच्यासाठीच तर ही राइड असते. पण त्यामुळेच मार्शलचं काम शोभेचं राहत नाही.

कोंढव्याहून सासवडला जाताना लागणाऱ्या बोपदेव घाटाचंच घ्या. जाताना चढ असतो तेव्हा काही होत नाही, लोक दमतात, उतरून ढकलतात, फोटो काढतात. खरा धोका परतीच्या उतारावर. नवखा माणूस उतारभर ब्रेक दाबून धरतो, हात भरून येतात, मग वळण समोर आलं की घाबरून एकदम पुढचा ब्रेक आवळतो आणि ते पण सायकल तिरकी झाल्यावर. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करायचा असतो, दोन्ही ब्रेक लावून, वळणात शिरल्यावर नाही. म्हणून मार्शलने वळणावर उभं राहून उपयोग नसतो, वळणाच्या बरंच आधी वरच्या बाजूला उभं राहायचं, तळहात खाली करून वरखाली हलवायचा, शिट्टी मारायची आणि "हळू, डावीकडून, डावीकडून" असं घसा बसेपर्यंत ओरडायचं. समोरून गाडी येतीय की नाही ते खालचा जोडीदार झेंड्याने कळवतो. आणि आणखी एक काम जे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं, पहाटे खराटा घेऊन वळणं झाडून काढणं. डंपरमधून सांडलेली बारीक खडी नेमकी वळणाला येऊन साठते, चारचाकीला ती जाणवत पण नाही, सायकलच्या पातळ टायरला मात्र तेवढी खडी पुरते.

मागे एकदा झाडलेल्या वळणाच्या खालच्या वळणावर, जिथे मार्शलच नेमलेला नव्हता, एक कॉलेजचा मुलगा असाच घसरून पडला. वरून मागचे सायकलवाले येतच होते. माझा जोडीदार झेंडा घेऊन वरच्या बाजूला पळाला कारण पहिलं काम तेच, पडलेल्यावर दुसरं कुणी येऊन आदळू नये. मी मुलाजवळ बसले. तेवढ्यात दोन-तीन गाड्या थांबल्या आणि जो तो म्हणतोय उठवा त्याला, बसवा, पाणी पाजा, हेल्मेट काढा. सगळे चांगल्या मनानेच म्हणत होते, पण मानेला लागलं असेल तर हेल्मेट ओढून काढल्याने आणि धरून बसवल्याने आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं, त्याला आहे तसंच पडून राहू द्यायचं, मान हलू द्यायची नाही, त्याच्याशी बोलत राहायचं. वरून अंजिराच्या पाट्या घेऊन मार्केट यार्डला निघालेला एक टेम्पो आला, त्या दादांनी कुणी न सांगता टेम्पो आमच्या मागे आडवा लावला, ब्लिंकर चालू केले आणि खाली उतरून चाकांना दगड लावले. अंजीर किती नाजूक माल असतो, उशीर झाला की भाव पडतो, तरी तो माणूस अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हलला नाही.

आणि ती यायला वेळ लागला त्याचं कारण फार साधं आहे. १०८ वर फोन लावला तर पहिला प्रश्न, नेमकं कुठे? बोपदेव घाट एवढंच सांगता येत होतं, कितवं वळण, कुठली खूण, कुणालाच सांगता येईना. आयोजकांची अॅम्ब्युलन्स होती, पण ती फिनिशला मंडपाजवळ उभी. मुलाचं कॉलरबोन मोडलं होतं, नंतर बरा झाला. पण त्या अर्ध्या तासात त्याच्या आईचा फोन त्याच्या खिशात वाजत होता तो मला अजून आठवतो, आणि हे सगळं टाळता येण्यासारखं होतं म्हणून जास्त राग येतो.

तिथे जमलेल्यातले एकदोघं हात लावायला घाबरत होते, नंतर पोलिसांचं लफडं नको म्हणून. हे तर आता सगळ्यांनी पाठ करून ठेवायला हवं, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलंय, अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होऊ शकत नाही, आणि त्याचं नाव-पत्ता द्यायची जबरदस्ती पण पोलीस करू शकत नाहीत. मार्शलच्या ट्रेनिंगमध्ये ही दोन मिनिटांची गोष्ट सांगितली तरी माणसं पुढे होतात.

ट्रेनिंग म्हणायचं पण बहुतेक ठिकाणी ते नसतंच. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर लोकेशन येतं, सकाळी जॅकेट, शिट्टी आणि झेंडा हातात देतात, झालं. मार्शल म्हणून येणारी पोरं फार गुणी असतात, अंधारात उठून येतात, एक पैसा घेत नाहीत, त्यांना असं वाऱ्यावर सोडू नका एवढंच माझं म्हणणं आहे. आदल्या रविवारी, त्याच वेळेला, त्यांना रस्त्यावर नेऊन आपापली जागा दाखवा, एका जागेला दोघं द्या, प्रत्येक जागेला नंबर द्या आणि ती यादी अॅम्ब्युलन्सवाल्याकडे पण असू द्या. अॅम्ब्युलन्स घाटात ठेवा, मंडपाजवळ नको.

दुसरं म्हणजे पोलीस. मार्शलला गाडी थांबवायचा काही अधिकार नाही, तो फक्त विनंती करू शकतो, आणि कोंढव्यातल्या खडी मशीन चौकात विनंतीने डंपर थांबत नाही हो. एखादा ड्रायव्हर विचारतो "तुम्ही कोण अडवणारे?" तर त्याचंही बरोबर आहे. तिथे एक हवालदार उभा असला की चित्रच बदलतं, मी दोन्ही बघितलंय. राइडला परवानगी देतानाच मोठ्या चौकात वाहतूक पोलीस आणि मार्शलचा लेखी प्लॅन ही अट पोलिसांनी घालावी, बंदोबस्ताचे पैसे भरावे लागले तरी आयोजकांनी भरावेत. यावर मला नेहमी सांगतात की ताई, खर्च वाढला तर मुलांसाठी कमी पैसे जातील. मला हे अजिबात पटत नाही. ज्या आईबापांच्या मुलांसाठी हे पैसे चाललेत त्यांना विचारा, दुसऱ्या कुणाचं मूल त्यापायी दवाखान्यात गेलेलं त्यांना चालेल का. स्टेज, बॅनर, शाली, हारतुरे यातलं थोडं कमी केलं तरी दुसरी अॅम्ब्युलन्स येते.

आणि शेवटच्या सायकलवाल्याचा विचार करा. दहा वाजले की ऊन वाढतं, पुढचे पोचलेले असतात, भाषणं सुरू होतात आणि मार्शलना जागेवरून उठवायला लागतात. मागे मात्र अॅटलासची काळी सायकल घेऊन आलेले साठीपुढचे काका अजून घाटातच असतात, ज्यांनी सोसायटीत दारोदार जाऊन वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये गोळा केलेले असतात. ते एकटे उतरतात, वळणाला कुणी नाही. शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय एकही मार्शल हलवू नये, त्याच्या मागे एक गाडी असावी आणि निघाले किती, पोचले किती हा हिशोब जुळल्याशिवाय राइड संपली असं कुणी जाहीर करू नये.

गाडीवाल्यांना पण एक सांगणं, जॅकेटवाला दिसला की वळणात ओव्हरटेक करू नका आणि सायकलच्या मागे येऊन मोठ्याने हॉर्न तर अजिबात नको, नवखा माणूस दचकून उजवीकडे येतो.

आपल्या पेपरला विनंती अशी की अशा राइडची बातमी घेताना किती निधी जमला याच्याबरोबर मार्शल किती होते आणि अॅम्ब्युलन्स कुठे होती हे पण आयोजकांना विचारा, पेपरात येणार म्हटलं की लोक आधीपासून तयारी करतात. थंडीतल्या राइड्सची नावनोंदणी लवकरच सुरू होईल, त्या फॉर्मवर "मार्शल म्हणून यायचं आहे" असा एक रकाना आयोजकांनी ठेवावा. सायकल न चालवणारी, गुडघे दुखणारी, पण पहाटे उठून घाटात उभी राहायला तयार असलेली कितीतरी माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांना फक्त कुणी विचारलेलं नाही.

आपली,
एक नियमित वाचक,
कोंढवा, पुणे