काकांची नोटीस

दोहा, शुक्रवार संध्याकाळ

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

आज सुट्टी, म्हणून उपासनाही आजच. इथली चर्चेस सगळी गावाबाहेर एका आवारात. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. आत मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, ज्याची त्याची भाषा. मराठी आम्ही मोजून चार घरं, इंग्रजी उपासनेत बसतो.

नंतर चहाला नेहमीची कुरकुर सुरू झाली. इथं कुणी इस्लाम सोडून आपल्यात यायचं म्हटलं तर त्याची धडगत नाही, वगैरे. मीही मान डोलवत होतो आणि मधेच धाकटे काका आठवले. चहा तसाच राहिला.

तुला त्यातलं अर्धंच ठाऊक, तू तेव्हा कोल्हापूरला. काका खानापूरकडच्या दिंडीतनं पंढरपूरला गेले आणि गळ्यात तुळशीची माळ घालून आले. अण्णांनी बोलणं टाकलं, ते तुला माहीत आहे. पुढचं नाही. आपल्या चर्चच्या पास्टरेट कमिटीनं त्यांना नोटीस काढली: पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर मंडळीच्या यादीतून नाव कमी होईल. सेक्रेटरी मी होतो. नोटीस माझ्या अक्षरात आहे. खुलासा द्यायला ते आले नाहीत. खडेबाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "अरे, मी भांडायला गेलो नव्हतो, चालायला गेलो होतो." घाईत आहे म्हणून मी सटकलो.

मग 2021 चा डिसेंबर. नाताळ दोन दिवसांवर आणि आपल्याच बेळगावात, सुवर्णसौधमध्ये, कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक पास केलं. धर्म बदलायचा तर 30 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं! केवढे तापलो होतो आम्ही. माणसाच्या अंतःकरणातल्या गोष्टीची नोटीस सरकारला कशाला, असं प्रार्थनासभेत उभा राहून मीच बोललो. 'आमेन' जोरात आले. आधीच्या धर्मात परतणाऱ्याला तो नियम नव्हता, त्यावर तर मी खास बोट ठेवलं: बाहेर जायला दार सताड उघडं, आत यायला कुलूप. आमच्याकडं नेमकं उलटं होतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. कायदा वाईटच होता. ते मत अजून तसंच आहे.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आले, हे आपण किती कौतुकानं सांगतो. काका त्याच पुलावरून उलटे निघाले, तर आम्ही तिथं नाका बसवला. एक माणूस आपल्यात आणायला तुम्ही समुद्र नि जमीन पालथी घालता, असं येशू परूश्यांवर, त्या कर्मठ धर्मपंडितांवर, चिडतो ना? तो अध्याय मी संडे स्कूलच्या पोरांना शिकवलाय, ताई. फळ्यावर परूश्याचं चित्र काढून, लांब झगा आणि दाढीसकट.

काका गेले तेव्हा आपल्या घरातलं कुणी गेलं नाही. मला इथं असल्याचं कारण आयतंच मिळालं.

नाताळला तू बेळगावला जाशीलच. फराळाचा एक डबा काकूंकडं नेऊन दे. अण्णांना विचारत बसू नकोस. नोटीस मी लिहिली होती, हे काकूंना सांग. मी दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत ठेवला. आणि कुंदा नेऊ नकोस, त्यांना शुगर आहे. चकल्या चालतील.

तुझा धाकटा