रहस्यपटाची टायटल्स गाळू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ओटीटीवर रहस्यपट लावला की टायटल्स, म्हणजे आरंभीची नामावली, सुरू होताच ती वगळण्याचं बटण पडद्यावर येतं. एका ठिकाणी तर विचारण्याचीही तसदी न घेता ती गाळलेली दिसली. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्यामुळे नजर आधी अक्षरांवरच जाते. 'सायको'ची (१९६०) टायटल्स सॉल बासची. काळ्या पडद्यावर करड्या पट्ट्या आडव्या-उभ्या सरसर धावतात आणि नावं मधूनच चिरतात. अक्षराचं डोकं एकीकडे, पाय भलतीकडे. असं प्रूफ निघालं असतं तर आमच्या फोरमननं तोंडावर फेकलं असतं! तुकडे जेमतेम जुळतात, आपण वाचतो न वाचतो तोच पुन्हा फाटतात. जोडीला बर्नार्ड हरमनचं संगीत, तेही निव्वळ तंतुवाद्यांवर. पुढे बराच वेळ खूनबिन काही नाही, पैशांची चोरी आणि मोटारीतला प्रवास. पण चोरी करून निघालेली बाई गाडी हाकत असताना टायटल्सचीच धून परत वाजते आणि आपल्या पोटात गोळा येतो. ज्यानं टायटल्स गाळली त्याला ती ओळखीची कशी वाटणार?

'सेव्हन'मध्ये (१९९५) काइल कूपरनं याहून पुढची चाल केली. पोलिसांना खुन्याचा पत्ता नसतो, पण आपण टायटल्समध्येच त्याचे हात पाहून बसतो: वही शिवणारे, ब्लेडनं बोटांची कातडी तासणारे. शिवाय ती भूमिका करणाऱ्या नटाचं नाव तिथे मुद्दाम घातलेलंच नाही. न छापलेलं नावही काम करतं, हे आम्हा छापखानेवाल्यांना कुठून सुचणार?

सगळीच टायटल्स पूजनीय असतात असं नाही. 'टच ऑफ ईव्हिल'च्या (१९५८) आरंभी मोटारीत टाइमबॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून अधिक काळ कॅमेरा न तुटता फिरत राहतो. स्टुडिओनं नेमकी त्यावरच नावं चढवली. नावं वाचायची की गाडीवर लक्ष ठेवायचं? १९९८च्या नव्या संकलनात ती काढली, ते योग्यच झालं.

आपल्या रविवार पुरवणीतल्या चित्रपट परीक्षणात कलाकार, दिग्दर्शक, संगीतकार सगळे असतात. त्या चौकटीत टायटल्स करणाऱ्याचं नाव देता आलं तर पाहावं. एका ओळीचीच तर जागा लागेल.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर