मिश्र पिकाला रकाना आहे, मिश्र मासळीला कधी?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,
सविनय नमस्कार.

22 एप्रिल 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. ती बातमी मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर फाटलेले जाळे शिवत असताना मोबाइलवर वाचली. बरे वाटले, खोटे कशाला बोलू. संध्याकाळी कट्टा गावचा माझा शाळेतला मित्र भेटला. तो शेतकरी. म्हणाला, “चल, आता तूही शेतकरी. सातबारा दाखव!” आम्ही दोघेही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मित्राचा सातबारा मी पाहिला आहे. त्यातल्या गाव नमुना बारावर पिकांची नोंद असते. कुणी नाचणीत उडीद नाहीतर तूर टाकली, तर तिथे ‘मिश्र पिकाखालील क्षेत्र’ असा वेगळा रकाना आहे, आणि त्या मिश्रणात कोणकोणती पिके आहेत तेही लिहायची सोय आहे. म्हणजे एका वाफ्यात दोन पिके येतात हे सरकारला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एका जाळ्यात अकरा जाती येतात, हे मात्र अजून कुठल्या रकान्यात बसलेले नाही.

परवाची सकाळ सांगतो. आमची होडी लहान, मागे आउटबोर्ड इंजिन, माणसे दोन, मी आणि पुतण्या. आदल्या संध्याकाळी तारकर्लीसमोर, वाळू संपून खडप म्हणजे खडक सुरू होतो तिथे कांडाळ, म्हणजे मासा अडकवणारे उभे जाळे, सोडली होती. पहाटे मतलई वाऱ्यावर निघालो आणि उजाडायच्या आत जाळे ओढायला घेतले. पहिल्या हातांना बांगडे लागले, चौदा. मग मूठभर पेडवे, ढोमके, पाच लेपे, दोन तांबोशी, एक शेतका, हातभर लांबीची एक मोरी, थोडे माकुल, दोन मुडदुसे आणि तीन कुर्ल्या, म्हणजे खेकडे. त्या कुर्ल्यांनी आयत्या अडकलेल्या दोन बांगड्यांची पोटे खाल्ली होती. अकरावा केंड. तो फुगून बसला होता आणि शेजारी त्याने कापलेले जाळ्याचे भोक होते.

कुर्ली जाळ्यातून सोडवणे हे एक वेगळेच काम आहे, साहेब. नांगी मोडली की भाव पडतो, म्हणून ओढाताण चालत नाही. अंगठ्याने पाठ दाबून धरायची आणि एकेका पायाभोवतीचा दोरा उलगडत जायचे. एवढ्या वेळात दहा बांगडे सुटतात. पुतण्याला ते जमत नाही, तो सरळ जाळेच कापायला बघतो. नवी पोरे. त्याचे अर्धे लक्ष पर्यटकांच्या बोटीवर असते. तिथे कुर्ली चावत नाही आणि पगार महिन्याला येतो. त्याला दोष कसा देऊ?

किनाऱ्यावर भावजय बसलेली असते. ती तराजू वापरत नाही. प्लास्टिकच्या कागदावर वाटे लावते. खाली पेडवे, त्यावर ढोमके, एखादा बांगडा, आणि गिऱ्हाइकाची नजर जावी म्हणून माथ्यावर एक लेपो. तांबोशी नि कुर्ल्या वेगळ्या, त्या हॉटेलवाल्यांच्या. दोन तासांत सगळे संपते. मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे आणि पेट्रोलचा खर्च असा हिशेब होतो. यात पावती नावाचा कागद कुठेच जन्माला येत नाही.

कागद नसला तर काय होते, ते 2021 साली कळले. त्या वर्षीच्या 16 मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. वाळूवर वर ओढून ठेवलेली होडी लाटेने फिरवली, दोन कांडाळी गेल्या. पंचनामा करायला माणसे आली. चांगली होती, उन्हात फिरत होती बिचारी. त्यांच्यातल्या एकाने विचारले, “तुम्ही कोणती मासळी पकडता?” मी म्हटले, “जां गावतला तां,” म्हणजे मिळेल ते. तो थांबला. त्याच्या कागदावर एकच जागा होती. मी नावे सांगू लागलो, तो चौथ्या नावाला थकला आणि त्याने लिहिले, ‘इतर’. विक्रीच्या पावत्या मागितल्या, त्या नव्हत्याच. पुढे काय झाले ते सांगत बसत नाही, अंदाज येईलच. संध्याकाळी भावजयीला हे सांगितले तर ती म्हणाली, “ह्यो इतर खंयचो मासो?”

तेव्हापासून मी वही घातली. पुतणीची जुनी शाळेची वही, निम्मी पाने कोरी होती. तारीख, जाळे कुठे सोडले, वारा, माशांची नावे, अंदाजे वजन आणि वाट्यांचे किती आले. रोज नाही लिहिले गेले, पण बरेच लिहिले. आज मागची पाने चाळली की जे दिसते ते कुठल्याही अहवालात मला सापडलेले नाही. केंड हा शब्द सुरुवातीच्या पानांत शोधावा लागतो, आता पानोपानी आहे. झार, म्हणजे जेलीफिश, आली की ते आठवडे कोरे. पावसाचे पाणी कर्ली खाडीतून ओतत असते त्या दिवसांत जाळ्यातली मासळीच बदलते, आणि पाणी निवळले की परत खडपातली लागते. एकाच जातीवर बेतलेला धंदा असता तर झार आल्यावर उपाशी राहिलो असतो. बांगडा नाही तर लेपो, लेपो नाही तर कुर्ली, असे करत घर चालते. आमच्या लहान होडीचा विमा म्हणाल तर तो हाच.

आता कृषीच्या दर्जाकडे येतो. या दर्जाने सवलती मिळणार, कर्ज मिळणार, नुकसानभरपाई मिळणार, असे ऐकतो. मिळो. पण शेतकऱ्याला बरेच काही मिळते ते पिकाच्या नोंदीवर मिळते. 2021 पासून तर ई-पीक पाहणी आहे, शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक नोंदवतो. आमची नोंद कशावर होणार? नौकेची नोंदणी आहे, परवाना आहे, पण नौकेत काय आले याची नोंद कुठे आहे? मोठ्या बंदरात ट्रॉलर लागतो, क्रेटमध्ये मासळी उतरते, व्यापारी तोलतो, तिचा आकडा कागदावर येतो. दांडी, वायरी, देवबाग, सर्जेकोट, तळाशील इथे वाळूवर उतरणारा वाटा क्रेटमध्ये बसत नाही. डिझेलच्या परताव्याचे तसेच. योजना डिझेलची, आमचे इंजिन पेट्रोलवर चालणारे. आम्ही यादीबाहेर, आणि यादीबाहेर का, तर आमचा आकडा लहान. आकडा लहान का, तर तो कुणी घेतलाच नाही.

याचा दुसरा फटका जास्त मोठा आहे. 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन निर्णयाने पर्ससीनला, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याला, 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुदत घालून दिली. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासळी ओढून घेणाऱ्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. राज्याने 2021 मध्ये कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. हे सगळे आम्हाला हवेच होते, त्यासाठी मालवणात आम्ही रस्त्यावरही उतरलो आहोत. पण तरी रात्री क्षितिजावर गावासारखा उजेड दिसतो. दुसऱ्या दिवशी आमच्या जाळ्यात बांगडा नसतो. तक्रार केली की समोरून विचारतात, पुरावा काय? बांगडा गेला म्हणता, आधी किती येत होता? याचे उत्तर माझ्या वहीत आहे, पण माझी वही सरकारी नाही. ड्रोनला वरून होडी दिसते, होडीत काय आले आणि काय यायचे थांबले हे त्याला दिसत नाही.

आकाराच्या नियमाबद्दलही एक. 2023 मध्ये राज्याने 54 जातींचे किमान आकारमान ठरवले. पापलेट 135 मिलिमीटरच्या खाली धरायचे नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. नियम चांगला आहे. मी वल्ह्यावर खिळ्याने तेवढी खूण करून ठेवली आहे, पुतण्या हसतो. पण जाळ्यात अडकून मेलेला लहान मासा खूण दाखवून जिवंत होत नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या जागी, कुठल्या आसाच्या, म्हणजे केवढ्या भोकाच्या, जाळ्यात लहान मासा जास्त लागतो हे कळले, तर तिथे जाळे सोडायचे टाळता येईल. त्यासाठीही नोंदच लागते, आणि ती जातवार लागते.

म्हणून मागणी एवढीच. मासळीच्या नोंदीत ‘मिश्र’ हा रकाना आणि त्याखाली घटक जाती लिहायची जागा द्या. रोज नको, प्रत्येक किनाऱ्यावर आठवड्यातून एक दिवस पुरे. त्यासाठी मोठे अ‍ॅप लागेल असे मला वाटत नाही. किनाऱ्यावर वाटे लावणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याइतकी मासळीची ओळख कुणालाच नाही. त्यांच्यातलीच एक निवडा, मानधन द्या, ताणकाटा द्या. नावांची यादी करताना मात्र बोलीतली नावे ठेवा. मुंबईची सुरमई आमच्याकडे इसवण होते आणि तिकडची कोळंबी इथे सुंगटां. यादी वरून छापून आली आणि त्यात आमचे नावच नसले, तर लिहिणारी पुन्हा ‘इतर’वर टिचकी मारील. आणि त्या नोंदीचा उतारा होडीवाल्याच्या हातात मिळू दे, मित्राला तलाठ्याकडून मिळतो तसा. बँकेत गेलो किंवा पुन्हा पंचनाम्याची वेळ आली, तर दाखवायला काहीतरी हवे.

आपण किंवा आपल्या खात्यातले कुणी येणार असाल तर साडेसहापर्यंत दांडीवर या. आठनंतर वाटे संपलेले असतात आणि आम्ही जाळे झटकत असतो. फोन करून यायची गरज नाही, किनाऱ्यावर कुणालाही वहीवाला म्हणून विचारा.

आपला,
दांडीवरचा एक होडीवाला
मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत : वहीच्या 12 पानांच्या छायाप्रती. सातव्या पानावर मोठा डाग आहे तो चहाचा, त्याखालचा शब्द ‘माकुल’ असा वाचावा.