गाठी दिसल्या म्हणून झाड तोडू नये

प्रति,
मा. संपादक,
कोल्हापूर आवृत्ती

महोदय,

शहरातील काही गृहनिर्माण संस्थांच्या आवारात सप्तपर्णी आणि करंजाच्या पानांवर गाठी दिसू लागल्याने ही झाडे ‘रोगट’ ठरवून त्यांच्यावर कीटकनाशक मारण्याची, आणि एका ठिकाणी तर ती मुळासकट काढून टाकण्याची मागणी रहिवासी करीत आहेत. सप्तपर्णीच्या फुलांच्या उग्र वासाबद्दलची तक्रार जुनी आणि वेगळी आहे, तिच्यात मी येथे शिरत नाही. परंतु पानावरची गाठ कोण करते आणि तिने झाडाचे नेमके काय बिघडते, हे पाहिल्याशिवाय कुऱ्हाड किंवा पंप हाती घेतला जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

सप्तपर्णीच्या पानावरचे फोड सायला नावाच्या इवल्याशा रसशोषक किडीमुळे येतात, आणि उंबराच्या पानावरच्या गाठीही तिच्याच भाऊबंदांच्या असतात. संत्रा-मोसंबीच्या बागायतदारांना या गटातील सिट्रस सायला चांगलीच परिचयाची आहे. करंजाच्या पानावर बोटांसारख्या उभ्या राहणाऱ्या गाठी मात्र नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी-किडींच्या (माइट). कीड कोणतीही असो, गाठीचा सगळा पेशीसमूह झाडाचाच असतो. किडीकडून केवळ वाढीचा इशारा मिळतो आणि झाड त्या जागी एरवी कधीच न घडवलेला अवयव घडवते. हा प्रकार जगात सर्वांत बारकाईने ज्या जोडीत अभ्यासला गेला, ती जोडी म्हणजे ओक वृक्ष आणि त्यावर गाठी करणाऱ्या गांधीलमाश्या.

ओक आपल्या सह्याद्रीत नाही. बंगल्यांच्या आवारात लावलेला सिल्व्हर ओक हा नावापुरताच ओक. तो ऑस्ट्रेलियातून आलेला, अगदी वेगळ्या कुळातला वृक्ष आहे. खरे ओक भारतात हिमालयात आणि ईशान्येकडे आढळतात. उत्तराखंडातील बांज हा त्यांपैकीच एक. तरीही ओकवरची गाठ कोल्हापुरातील असंख्य घरांत पिढ्यानपिढ्या वापरली गेली आहे, कारण बाळगुटीच्या पुडीतले मायफळ म्हणजे तीच. तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यात वाढणाऱ्या एका ठेंगण्या ओकच्या कोवळ्या फांदीवर गांधीलमाशीने अंडे घातल्यामुळे ती तयार होते. त्याच पुडीतली काकडशिंगीही गाठच आहे, फक्त ती हिमालयातल्या एका झाडावर माव्यामुळे वाढते. गुटी द्यावी की नाही, हा प्रश्न बालरोगतज्ज्ञांनी सोडवावा. आपण सहाणेवर ज्याचे वेढे उगाळत आलो ती वस्तू एका कीटकाच्या उठाठेवीतून आली आहे, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

महाद्वार रोड परिसरातील काष्ठौषधींच्या कोणत्याही दुकानातून मूठभर मायफळे आणून पाहावीत. सुपारीएवढी, कठीण, वर बोथट टेंगळे असलेली ही गाठ काही वेळा निळसर-हिरवट आणि जड असते, तर काही वेळा फिकट, हलकी आणि एका बाजूला टाचणीने भोसकल्यासारखे गोल भोक पडलेली असते. भोक म्हणजे माशी बाहेर पडून गेल्याची खूण, आणि म्हणूनच व्यापारात बिनभोकाच्या निळसर मालाला अधिक किंमत येते. बिनभोकाचे मायफळ अडकित्त्यात धरून फोडले, तर मधोमध मोहरीपेक्षा थोडी मोठी पोकळी सापडते आणि नशीब असेल तर तिच्यात वाळून गेलेली माशीही. पोकळीभोवतीचा आतला थर पौष्टिक पेशींचा असतो आणि अळी तोच खाऊन वाढते. बाहेरचा थर टॅनिन या तुरट द्रव्याने इतका भरलेला असतो, की चांगल्या मायफळाच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग टॅनिनचा असतो. जिभेला लागल्यावर तोंड आवळून येते ते त्यामुळेच. याच टॅनिनमध्ये हिराकस (लोहाचा क्षार) मिसळून युरोपात शतकानुशतके काळी शाई केली गेली. आपल्या चपलांच्या चामड्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तोही टॅनिनसाठीच.

गाठी करणाऱ्या या गांधीलमाश्या दिसायला अगदी सामान्य असतात. बहुतेक जाती काही मिलिमीटर लांबीच्या, काळ्या-तपकिरी, पोट दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखे असलेल्या आणि माणसाला न चावणाऱ्या. ओकवर गाठी करणाऱ्या सुमारे एक हजार जाती ज्ञात आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीची गाठ वेगळी असते: कुणाची गुळगुळीत गोटी, कुणाची केसाळ बोंडी, कुणाची पानाच्या पाठीवरची बटणासारखी चकती. अळी गाठीत असेपर्यंत विष्ठासुद्धा टाकत नाही, त्यामुळे तिची कोठडी कोषावस्थेपर्यंत स्वच्छ राहते. अळी लवकर मेली तर गाठीची वाढही थांबते, यावरून सूत्रे कोणाच्या हाती आहेत हे लक्षात यावे.

सतराव्या शतकापर्यंत ही अळी झाडातूनच आपोआप उपजते अशी समजूत होती. सडक्या मांसातून माश्या आपोआप निर्माण होत नाहीत हे १६६८ मध्ये प्रयोगाने दाखवून देणाऱ्या इटालियन वैद्य रेडी यांनीसुद्धा गाठींच्या बाबतीत ही समजूत सोडली नव्हती. ती मोडली ती इटलीचेच शरीररचनाशास्त्रज्ञ माल्पिगी यांनी, गाठींचे विच्छेदन करून आणि माशी अंडी घालताना पाहून. त्याहून मोठे कोडे दोनशे वर्षांनी सुटले. जर्मनीतील हेरमान आडलर या डॉक्टरांनी माश्या पाळून पाहिल्या आणि १८८१ मध्ये असे दाखवले, की तोवर दोन निरनिराळ्या जाती म्हणून नोंदलेल्या अनेक माश्या प्रत्यक्षात एकाच जातीच्या आलटून-पालटून येणाऱ्या दोन पिढ्या आहेत. युरोपातील एका जातीत हिवाळ्यात मुळांवरच्या गाठींतून केवळ माद्या, त्याही बिनपंखी, बाहेर येतात आणि खोडावरून चालत वर चढून कळ्यांत अंडी घालतात. त्या कळ्यांच्या वसंतात सफरचंदासारख्या स्पंजी गाठी होतात, त्यांतून नर व माद्या दोन्ही निघतात, आणि फलित माद्या जमिनीत शिरून पुन्हा मुळांवर अंडी घालतात. आई आणि मुलगी यांचे रूप, ऋतू आणि गाठ यांत काहीही साम्य नाही. साम्य शोधायचे तर ते आजी आणि नातीत. मानवी लैंगिक वर्तनावरील अहवालांमुळे पुढे जगभर गाजलेले आल्फ्रेड किन्से यांनी त्याआधीची दोन दशके याच माश्यांमध्ये घालवली आणि लाखो नमुने जमवले, ही गोष्टही फार थोड्यांना ठाऊक असते.

फवारणीच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की गाठीत मूळ मालकीण क्वचितच एकटी असते. काही गांधीलमाश्या स्वतः गाठ करूच शकत नाहीत. त्या दुसरीच्या गाठीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या पोटभाडेकरूप्रमाणे तिथे राहून प्रसंगी मूळ अळीलाच उपाशी मारतात. त्यांच्या मागोमाग परजीवी माश्या येतात, ज्यांची अंडी घालण्याची लांब नळी गाठीच्या भिंतीतून थेट आतल्या अळीपर्यंत पोहोचते. २०१७ मध्ये अमेरिकेतून नोंदवलेली एक परजीवी माशी तर यजमान माशीला नेहमीपेक्षा लहान भोक पाडायला लावते, तिचे डोके त्या भोकात अडकवते आणि नंतर ते डोके पोखरून स्वतः बाहेर पडते. या परजीवी माश्या आपल्या ऊस उत्पादकांना अनोळखी नाहीत: खोडकिडीवर शेतात जी ट्रायकोकार्डे लावली जातात, त्यांवरची ट्रायकोग्रामा ही इवलीशी माशी त्यांच्याच गोतातली. झाडावर वरून मारलेले औषध गाठीच्या आतल्या अळीपर्यंत सहसा पोहोचत नाही, पण पानांवर फिरणाऱ्या या मित्रकीटकांना मात्र हमखास मारते. म्हणजे खर्च आपला, आणि फायदा गाठ करणाऱ्या किडीचा.

गाठ नेहमीच निरुपद्रवी असते, असे मी म्हणत नाही. चीनमधून पसरलेल्या एका गांधीलमाशीने जपान आणि नंतर इटलीतील चेस्टनटच्या बागांचे उत्पन्न खाली आणले. आपल्याकडे निलगिरीच्या रोपवाटिकांना आणि पांगाऱ्याला परदेशातून आलेल्या, वेगळ्या कुळातील गाठमाश्यांनी या शतकाच्या आरंभी चांगलाच तडाखा दिला. या साऱ्या उदाहरणांत कीड तिच्या मूळ शत्रूंशिवाय नव्या प्रदेशात आली होती. चेस्टनटच्या बागा सावरल्या, त्याही फवारणीने सावरलेल्या नाहीत. कीड जिथून आली तिथली परजीवी माशी शोधून बागांत सोडल्यावर प्रादुर्भाव आटोक्यात आला. सप्तपर्णी, करंज आणि उंबर यांच्या किडी मात्र इथल्याच आहेत, त्यांचे शत्रूही इथेच आहेत, आणि वाढलेले झाड अशा गाठींसह वर्षानुवर्षे फुलते-फळते. कुंडीतल्या किंवा नुकत्याच लावलेल्या रोपावर फारच गाठी आल्या, तर तेवढी पाने खुडून टाकावीत.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाड तोडण्यासाठी १९७५ च्या अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ‘पानांवर गाठी आहेत’ एवढ्याच कारणावर आलेल्या अर्जासोबत गाठींची पाने जोडणे आणि त्या कोणत्या किडीच्या आहेत हे जाणकाराकडून लिहून घेणे बंधनकारक करावे, अशी माझी संबंधित यंत्रणेला विनंती आहे. आपल्या शहरात विद्यापीठ आहे, कृषी महाविद्यालय आहे. गाठ ब्लेडने कापून भिंगाखाली पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शाळांनी तर करंजाच्या गाठीदार पानांऐवजी उंबराची किंवा सप्तपर्णीची पाने निवडावीत, कारण कोळी दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. अशी डहाळी पाण्यात खोचून, मलमलीचे फडके बांधलेल्या बरणीत वर्गात ठेवावी आणि गाठींतून सायला किती निघतात व परजीवी माश्या किती, याची नोंद मुलांकडून करून घ्यावी. त्या नोंदी संस्थेच्या फलकावर लावता आल्या, तर फवारणीचा ठराव मांडण्याआधी सभासदांना त्या वाचता येतील.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
राजारामपुरी, कोल्हापूर